कोठी, किंग कोठी, कोठडी

हैदराबादेस पाहुणे आले म्हणजे त्यांना कोठे कोठे न्यावयाचे, याचा क्रम येथील मराठी घरांत दोन-तीन पिढ्यांपासून ठरून गेलेला आहे. पहिल्या दिवशी चारमिनार आणि सालारजंग, दुसऱ्या दिवशी गोवळकोंडा, सवड झाली तर बिर्ला मंदिर, आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सुलतान बाजारात बायकांची खरेदी. आम्ही स्वतः गोवळकोंड्याच्या पायऱ्या किती वेळा चढलो याची गणती नाही. गुडघ्यांनी ती ठेवली आहे, एवढे मात्र खरे.

२०२३ च्या जानेवारीत, संक्रांत उलटल्यावर, आमचे साडू आणि थोरल्या मेहुणीबाई प्रथमच हैदराबादेस आल्या. साडू संगमनेर तालुक्यातले निवृत्त शिक्षक. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. पहिला दिवस ठरल्याप्रमाणे पार पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा बांधून आम्ही गोवळकोंड्याला निघण्याच्या तयारीत होतो, तेव्हा गुरुजी चहाचा पेला खाली ठेवीत म्हणाले, "किल्ला राहू द्या. आम्ही किल्ल्यांच्या मुलखातले. मला ते लुंबिनी पार्क दाखवा, आणि ते चाटचे दुकान."

आम्हांस लगेच उलगडा झाला. २५ ऑगस्ट २००७ रोजी, शनिवारी संध्याकाळी, हुसेनसागराच्या काठी लुंबिनी पार्कच्या खुल्या प्रेक्षागृहात लेसरचा खेळ चालू असताना बॉम्ब फुटला. काही मिनिटांतच दुसरा कोठीच्या गोकुळ चाट भांडारात फुटला. चाळीसहून अधिक माणसे गेली. लुंबिनीत मृत्यू पावलेल्यांत संगमनेरच्या अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे सात विद्यार्थी होते. शैक्षणिक सहलीला आलेली मुले. गुरुजींच्या तालुक्याने तो आठवडा कसा काढला असेल, हे त्यांनी आम्हांस कधी सांगितले नव्हते आणि आम्हीही कधी विचारले नव्हते.

पार्कात त्या दिवशी शाळेच्या सहली आलेल्या होत्या. तलावातील बुद्धाच्या मूर्तीकडे बोटी जात-येत होत्या. गुरुजींनी बोटीकडे पाहिले नाही. प्रेक्षागृहाच्या बाजूला काठी टेकून ते उभे राहिले, आणि बऱ्याच वेळाने एवढेच बोलले, "सहलीला मुले नेताना मी दर थांब्यावर डोकी मोजत असे."

तेथून कोठीला गेलो. येथील मराठी माणसाला कोठीबद्दल काही सांगावे लागत नाही; सुलतान बाजार, विवेकवर्धिनी, इसामिया बाजारातील साहित्य परिषद, सारे हाकेच्या अंतरावर. आमचे शालेय आणि महाविद्यालयीन आयुष्य त्याच चौकोनात गेले. २००७ च्या त्या संध्याकाळी आमच्या घरातील कोणीही गोकुळ चाटवर नव्हते, यात आमचे काही कर्तृत्व नाही. आमची धाकटी त्या दुकानाची नित्याची गिऱ्हाईक होती, आणि त्या शनिवारी तिला ताप होता. त्या रात्री आम्ही घरात मोठ्याने जे बोललो ते येथे छापण्याजोगे नाही. ज्यांनी हे केले त्यांना याच चौकात टांगावे, हा त्याचा सौम्य सारांश.

दुकान आजही तेथेच चालू आहे. गुरुजींनी पाणीपुरी घेतली नाही, पण आक्कांना घ्यावयास लावली. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो अपेक्षितच होता. "त्या हरामखोरांचे काय झाले?"

आम्ही सांगितले. खटला अकरा वर्षे चालला. सुरक्षेसाठी न्यायालय चेर्लापल्लीच्या तुरुंगाच्या आवारात भरत असे. सप्टेंबर २०१८ मध्ये दोघांना फाशीची आणि एकाला जन्मठेपेची शिक्षा झाली. परंतु सत्र न्यायालयाने फाशी ठोठावली म्हणजे फाशी झाली असे नव्हे. उच्च न्यायालयाने ती कायम करावी लागते, मग सर्वोच्च न्यायालय, मग राज्यपाल व राष्ट्रपती यांच्याकडे दयेचा अर्ज. आमच्या शहरातील दुसरा असाच प्रसंग, दिलसुखनगरचा. स्फोट २१ फेब्रुवारी २०१३ ला झाले, पाच जणांना फाशीची शिक्षा डिसेंबर २०१६ मध्ये झाली, आणि तेलंगण उच्च न्यायालयाने ती कायम केली ती एप्रिल २०२५ मध्ये, म्हणजे आमच्या या फेरफटक्यानंतरही दोन वर्षांनी.

"अकरा वर्षे!" गुरुजी म्हणाले. "त्या मुलांच्या आईबापांनी एवढी वर्षे करावयाचे काय? त्यापेक्षा तुमच्या पोलिसांनी त्या डॉक्टर मुलीच्या वेळी केले ते बरे. नऊ दिवसांत हिशेब चुकता. आमच्या गावात त्या दिवशी फटाके वाजले होते."

याचे उत्तर आमच्यापाशी होते, पण भर कोठीत उभे राहून देण्याजोगे नव्हते. "चला, जवळच आणखी एक जागा आहे," असे म्हणून आम्ही किंग कोठीची रिक्षा केली. वाटेत तुर्रेबाज खानाच्या नावाचा रस्ता दाखविला. १८५७ च्या जुलैत रेसिडेन्सीवर हल्ला करणारा हा माणूस मारला गेल्यावर लोकांना धाक बसावा म्हणून त्याचे प्रेत शहरात उघडे टांगले होते. आज त्याच्या नावाने पत्ते लिहिले जातात. गुरुजींनी मान हलविली. इतिहास हा त्यांचा विषय.

किंग कोठी म्हणजे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे निवासस्थान. तिच्या जुन्या कमानींपाशी आता रुग्णालयाची आणि दुकानांची दाटी आहे. ४ डिसेंबर १९४७ रोजी याच रस्त्यावर निजामाच्या मोटारीवर बॉम्ब टाकण्यात आला. टाकणारे नारायणराव पवार, वरंगळचे, आर्यसमाजी तरुण. निजाम बचावले. पवार जागीच पकडले गेले आणि निजामाच्या न्यायालयाने त्यांना फाशीची शिक्षा दिली. ती अमलात येण्यापूर्वीच सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई झाली. फाशीची जन्मठेप झाली आणि १९४९ मध्ये ते सुटले. पुढे कित्येक दशके ते याच प्रदेशात जगले. आमच्या वडिलांच्या पिढीत त्यांचे नाव निघाले की बोलणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येत असे.

"ते देशभक्त होते हो," गुरुजी म्हणाले. "त्यांची आणि या कसायांची तुलना करता?"

"तुलना करीत नाही," आम्ही म्हणालो. "फक्त महिने मोजतो. डिसेंबर ते सप्टेंबर, नऊ महिने. त्या वेळच्या दरबारी मंडळींच्या दृष्टीने हाही अक्षम्य विलंबच होता. माणूस हाती सापडलेला, बॉम्ब सर्वांदेखत टाकलेला, मग थांबावयाचे कशासाठी? त्यांनी नऊ दिवसांत हिशेब चुकता केला असता तर?"

गुरुजी गप्प राहिले, पण ते पटल्याचे गप्प राहणे नव्हते. शिक्षक माणूस उत्तर तयार करीत असला की गप्प बसतो.

आता त्या नऊ दिवसांविषयी. २७ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री शमशाबादजवळ एका तरुण पशुवैद्यक मुलीवर अत्याचार करून तिला मारण्यात आले आणि शादनगरनजीक चटणपल्लीच्या पुलाखाली तिचा देह जाळण्यात आला. चौघे जण पकडले गेले. ट्रकवर काम करणारे, नारायणपेठ जिल्ह्यातील. हैदराबाद पेटले. पोलीस ठाण्याबाहेर हजारो लोक जमले, राज्यसभेत एका सदस्येने अशा लोकांना जनतेच्या हवाली करावे असे सांगितले. ६ डिसेंबरच्या पहाटे तपासासाठी म्हणून पोलिसांनी चौघांना त्याच जागी नेले आणि तेथे ते गोळीबारात ठार झाले. सकाळी त्या पुलावर लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. बायकांनी त्यांना राख्या बांधल्या. आमच्या वसाहतीत जिलबी वाटण्यात आली. ती कोणी आणली, असे गुरुजींनी त्या रात्री जेवताना विचारले, आणि आम्हांस सांगणे भाग पडले की वर्गणी सर्वांची होती, परंतु मोजमजाही मार्केटवरून दोन किलो बांधून आणण्यासाठी पिशवी घेऊन गेलो ते आम्ही. घरात तीन मुली वाढविलेला बाप त्या आठवड्यात वेगळे काय करणार, अशी समजूत आम्ही तेव्हा स्वतःची घातली होती. ती आजही पुरती खोटी वाटत नाही.

त्यानंतर दुसऱ्याच दिवशी सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी जोधपूरच्या एका समारंभात, न्याय तत्काळ होऊ शकत नाही आणि तो सूड झाला की न्याय उरत नाही, अशा आशयाचे भाषण केले. आम्ही वर्तमानपत्र घडी करून बाजूला टाकले. पुढे त्यांच्याच खंडपीठाने चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, नागपूरचे. दुसऱ्या सदस्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीश रेखा बलदोटा, तिसरे केंद्रीय अन्वेषण विभागाचे माजी संचालक कार्तिकेयन. सिरपूरकर हे फाशीला नाके मुरडणाऱ्यांपैकी नव्हेत. २०११ मध्ये लाल किल्ल्यावरील हल्ल्याच्या खटल्यात मुख्य आरोपीची फाशी कायम करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठावर तेच होते. म्हणून मे २०२२ मध्ये त्यांचा अहवाल खुला झाला तेव्हा आम्ही तो टाळू शकलो नाही. आरोपींनी पिस्तुले हिसकावली, दगडफेक केली, ही पोलिसांची हकीकत आयोगाने अविश्वसनीय ठरविली. जीव घेण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या असा निष्कर्ष काढला आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा अशी शिफारस केली. त्यापुढचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले.

पण आमच्या मनात रुतला तो दुसराच निष्कर्ष. चौघांपैकी तिघे, आयोगाच्या मते, त्या दिवशी अठरा वर्षांचे झालेले नव्हते. शाळेच्या दाखल्यांवरून ते निघाले. म्हणजे ते पोलिसांना कळण्यासाठी कोणा मुख्याध्यापकाचे रजिस्टर उघडावे लागले असते, एवढेच. नऊ दिवसांत ते कोणी उघडले नाही, आणि उघडा असे आम्हीही म्हटले नाही. त्या चौघांपैकी कोणी काय केले, चौघांनीही केले का, हे आता कोणत्याही न्यायालयात ठरावयाचे नाही. त्या मुलीच्या आईवडिलांनाही ते कळावयाचे नाही.

"दाखला," गुरुजी म्हणाले. चाळीस वर्षे त्यांनी दाखले लिहिले होते. त्या रात्री त्यांनी पुढे काही विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी आमच्या एका परिचितांना पाहण्यासाठी गांधी रुग्णालयात जाणे होते. हे रुग्णालय पूर्वी सिकंदराबाद स्थानकाजवळ होते, २००३ च्या सुमारास मुशीराबादला आले. करोनाच्या काळात सारे तेलंगण ज्याच्या नावाने श्वास रोखून होते तेच हे. आज तेथे जो प्रचंड दवाखाना उभा आहे त्या जमिनीवर पूर्वी मुशीराबादचा तुरुंग होता. १ डिसेंबर १९७५ रोजी, आणीबाणीत, त्या तुरुंगात भूमय्या आणि किष्टा गौड या दोघांना फाशी देण्यात आली. आदिलाबाद जिल्ह्यातील, नक्षलवादी चळवळीत गेलेले, जमीनदाराच्या खुनाबद्दल शिक्षा झालेले. त्याआधी दोनदा त्यांची फाशी लांबणीवर पडली होती. एकदा तर ऐन वेळी वकिलांनी न्यायाधीशांकडे धाव घेऊन ती थांबविली. कन्नभिरान यांच्यासारखे वकील त्यांच्यासाठी झटले, देशात आणि परदेशांत सह्या गोळा झाल्या. आणीबाणी आल्यावर सह्या करणारेच तुरुंगात गेले. आम्ही तेव्हा महाविद्यालयात होतो, आणि खरे सांगावयाचे तर त्या फाशीची बातमी आम्ही वाचली की नाही हेही आठवत नाही.

रुग्णालयाच्या रांगेत, औषधाची चिठ्ठी हातात धरून, आम्ही गुरुजींना विचारले की फाशीचा खांब नेमका कोठे असेल. ते म्हणाले, "असू द्या. आता तेथे एखादी खाट असेल." वरंगळचा जुना मध्यवर्ती तुरुंगही २०२१ मध्ये असाच पाडून रुग्णालयासाठी जागा केली गेली. तेलंगणात तुरुंगांचे दवाखाने होण्याची ही रीतच पडली म्हणावयाची.

येताना चंचलगुड्यावरून आलो. १८७६ मध्ये बांधलेला हा तुरुंग अद्याप चालू आहे. येथे निजामी राजवटीत रामचंद्रराव नावाच्या सत्याग्रह्याला फटक्यांची शिक्षा झाली आणि प्रत्येक फटक्याला तो 'वंदे मातरम्' म्हणाला. तेच पुढे त्याच्या नावाला जोडले गेले. आता तुरुंगाचा पेट्रोल पंप आहे आणि तेथे बंदी काम करतात. आम्ही नेहमी तेथेच पेट्रोल भरतो, कारण, लोकांचे म्हणणे असे की, माप बरोबर मिळते. गाडीत तेल भरणारा माणूस शांतपणे आकडा शून्यावर आल्याचे दाखवीत होता. तो बंदी आहे हे कळल्यावर आक्कांनी पदर सावरला, आणि पैसे देताना मात्र सवयीने "दादा" म्हणाल्या.

पंपावरून निघाल्यावर आम्ही त्यांना संगारेड्डीची हकीकत सांगितली. हैदराबादेपासून साठ-एक किलोमीटरवर संगारेड्डीला १७९६ चा तुरुंग आहे. त्याचे संग्रहालय केले, आणि २०१६ मध्ये पाचशे रुपये देऊन चोवीस तास बंदी होऊन राहण्याची सोय तेथे सुरू झाली. खादीचा पोशाख, ताटली, पेला, तुरुंगातले जेवण. आम्ही उभयता २०१७ च्या थंडीत तो तुरुंग केवळ पाहावयास गेलो होतो. पैसे देऊन कोठडीत झोपण्याची हौस आमच्या सौभाग्यवतींना नव्हती. एका कोठडीत शिरून आम्ही गमतीने दार ओढून घेतले. बाहेर सौभाग्यवती हसत होत्या. पाच मिनिटे ठरविली होती, दोन मिनिटांत आम्ही दार ढकलले. दाराला कडी नव्हती हे आम्हांस ठाऊक होते, तरीही.

"मग तुम्ही म्हणता त्यांना सोडून द्यावे?" गुरुजींनी विचारले.

सोडून द्यावे असे आम्ही म्हणत नाही, आणि त्या दिवशीही म्हटले नाही. चेर्लापल्लीला, ज्या तुरुंगाच्या आवारात त्या दोघांना फाशीची शिक्षा झाली, तेथेच बंद्यांची शेती वसाहत आहे. दीर्घ शिक्षा भोगणारे लोक तेथे उघड्यावर भाजी पिकवतात, गुरे सांभाळतात. कल्पना आपल्याकडची जुनी. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ मध्ये स्वतंत्रपूरची खुली वसाहत निघाली; मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याने ती सुचविली आणि औंधच्या राजांनी उचलून धरली. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटाचे मूळ तेच. ते ऐकताच गुरुजींची कळी खुलली. तो चित्रपट त्यांनी लहानपणी तीनदा पाहिला होता आणि सहा खुनी कैद्यांना घेऊन माळरानावर जाणाऱ्या जेलरसाठी ते रडलेही होते. "पण चित्रपटातल्या खुन्याला माफ करावयास काही पडत नाही," ते स्वतःच म्हणाले. "त्याने मारलेला माणूस आपल्या तालुक्यातला नसतो."

याहून प्रामाणिक वाक्य या विषयावर आम्ही ऐकलेले नाही. लोकमत लोकमत म्हणतात ते बहुधा अंतराने ठरते. पवारांचे घर आपल्या जवळचे, म्हणून फाशी टळली ते बरे झाले. संगमनेरची मुले जवळची, म्हणून ती लवकर व्हावी. नारायणपेठची पोरे आपली कोणीच नव्हेत. आणि शिक्षा ठरेपर्यंत माणूस कोणत्या अवस्थेत ठेवावा याकडे तर कोणाचेच लक्ष नसते. देशातल्या तुरुंगांतील दर चार बंद्यांपैकी सुमारे तिघे अद्याप दोषी ठरलेलेच नाहीत. पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी १९७४ मध्ये, विशाखापट्टणमच्या तुरुंगातील नक्षलवादी बंद्यांच्याच प्रकरणात, शिक्षा झाली म्हणून माणसाचे सगळे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत असे लिहून ठेवले. ते वाक्य कायद्याच्या पुस्तकात आहे. आमच्या वसाहतीच्या फलकावर ते कधी लागले नाही, जिलबीची सूचना मात्र लागली होती.

शेवटच्या संध्याकाळी सुलतान बाजार झाला. आक्कांनी सुनेसाठी नारायणपेठी घेतली, हिरवी, लाल काठांची. दुकानदार खोका बांधताना गाव सांगू लागला तेव्हा गुरुजींनी आमच्याकडे पाहिले. आक्कांचे लक्ष काठांवर होते.

काचीगुडा स्थानकावर अजिंठा एक्स्प्रेस लागलेली होती. डबा शोधला, सामान वर टाकले, पाण्याची बाटली, दशम्या, सर्व दिले. गुरुजी खिडकीशी बसले.

"त्या अकरा वर्षांबद्दल माझे मत आहे तेच आहे," ते म्हणाले. "आईबापांना एवढे ताटकळत ठेवणे हीसुद्धा शिक्षाच आहे, आणि ती त्यांना का, याचे उत्तर तुमच्यापाशी नाही."

आमच्यापाशी खरोखरच नव्हते.

"तो सिरपूरकरांचा अहवाल मिळेल का?"

"मिळेल. पण इंग्रजीत आहे, आणि जवळजवळ चारशे पाने आहेत."

"नातू वाचून दाखवील. पाठवा."

गाडी हलली. आक्का खिडकीतून ओरडून काही सांगत होत्या; बहुधा दशम्यांच्या डब्याबद्दल असावे.